वलवणचं पाणी, उरणचा वायू आणि संध्याकाळचे सात

लोणावळ्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला विचारून पाहा, वलवणच्या तळ्यातलं पाणी कुठं जातं? बहुतेक जण पुण्याकडं बोट दाखवतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण इंद्रायणी तिकडंच वाहते. पण या तळ्यात अडवलेलं पाणी मुख्यतः उलट्या दिशेनं जातं. खंडाळ्याच्या कड्यावरून ते खाली खोपोलीला उतरतं, तिथं वीज तयार करतं आणि पाताळगंगेतून कोकणात निघून जातं.

खाली समुद्राच्या काठावर वीज तयार करण्याची दुसरी तऱ्हा आहे. उरणला बोकडवीऱ्याजवळ महानिर्मितीचं नैसर्गिक वायूवर चालणारं केंद्र आहे, आणि मुंबईत ट्रॉम्बेला टाटांच्या केंद्रात वायूवरचा एक संच आहे. ही केंद्रं आणि घाटमाथ्यावरची तळी एकाच जाळ्याला जोडलेली आहेत. वायूवाल्याला काय जमत नाही आणि तळ्याला काय जमतं, हे एकदा कळलं की सध्या ज्याची इतकी चर्चा आहे ती ‘ऊर्जा साठवण’ आपल्याला सहज उमगेल. चला, एकेक टप्पा पाहू.

सुरुवात जाळ्यापासून करू. ग्रिड म्हणजे सगळी वीजकेंद्रं, तारा आणि ग्राहक यांची एकत्र गुंफण. तिचा नियम कडक आहे: ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. तारेत वीज साठून राहत नाही. आपण गिझरचं बटण दाबतो तेव्हा कुठल्या तरी जनित्रावर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, तेवढा भार लगेच पडतो.

भार वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली तर सगळी जनित्रं किंचित मंदावतात. चढ लागला की सायकल मंदावते, तसंच. हा वेग ‘वारंवारिता’ या आकड्यातून दिसतो. आपल्याकडं ती सेकंदाला 50 आवर्तनं, म्हणजे 50 हर्ट्झ, असायला हवी. ती 49.9 झाली तरी भार नियंत्रण केंद्रातली माणसं सावध होतात. फारच घसरली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून सुटतात, उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो आणि अंधार पसरत जातो.

आता उरण. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रातून निघणारा वायू समुद्राखालच्या नळानं उरणच्या किनाऱ्यावर येतो. तो आधी शुद्ध होतो, मग केंद्रात पोचतो.

केंद्रात पहिलं यंत्र म्हणजे वायू टर्बाइन. बाहेरची हवा आत ओढून ती दाबायची, दाबलेल्या हवेत वायू जाळायचा, आणि त्या तापलेल्या झोतानं पाती फिरवायची. विमानाचं जेट इंजिन याच तत्त्वावर चालतं, फक्त इथं इंजिनाला जनित्र जोडलेलं असतं. उरणला अशी 108 मेगावॅटची चार यंत्रं आहेत. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. एवढ्या क्षमतेचं यंत्र तासभर पूर्ण चाललं की आपल्या बिलावरची हजार युनिट होतात.

पाती फिरवून बाहेर पडणारा धूरही पाचशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो तसाच हवेत सोडला तर जाळलेल्या वायूतल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज म्हणून हाती येतो. म्हणून दुसरा टप्पा: या धुरावर पाणी उकळवायचं आणि त्या वाफेवर आणखी एक टर्बाइन फिरवायचं. याला संयुक्त चक्र म्हणतात. उरणला वाफेवरचे 120 मेगावॅटचे दोन संच आहेत. चारांचे 432 आणि या दोघांचे 240, मिळून 672 मेगावॅट. चांगल्या संयुक्त चक्रात निम्म्याच्या आसपास उष्णता विजेत उतरते. जुन्या संचांत थोडी कमी.

काम झालेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. त्यासाठी थंड पाण्याचा मोठा पुरवठा लागतो. किनाऱ्यावर अशी केंद्रं का उभी राहतात, याचं एक कारण हे.

मग यात अडतं कुठं? पहिली अडचण वायूची. कोळशाचा ढीग अंगणात रचून ठेवता येतो, वायूचा ढीग लागत नाही. नळात दाबाखाली असतो तेवढाच काय तो साठा. नळातून येणारा वायू कमी झाला की केंद्राची क्षमता नुसती कागदावर राहते; उरणनं हे वर्षानुवर्षं सोसलं आहे. वायू साठवायचाच तर उणे 162 अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो आणि मग खास टाक्या, खास जहाजं आणि बंदर लागतं. दाभोळजवळ अंजनवेलला तशी सोय झाली, पण लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथं जहाजं लागत नव्हती. साठवण नुसती बांधून भागत नाही, ती बाराही महिने वापरता यावी लागते.

दुसरी अडचण वेगाची. वायू टर्बाइन कोळशाच्या बॉयलरपेक्षा खूप चपळ, पण त्याच्या मागचा वाफेचा संच चपळ नसतो. जाड पोलाद हळूहळू तापवावं लागतं, घाई केली तर तडे जातात. रोज सकाळ-संध्याकाळ बंद-चालू केल्यानं यंत्राचं आयुष्य घटतं.

तिसरी अडचण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पूर्ण बंद पडलेलं वायूकेंद्र आपल्या आपण सुरू होत नाही. सुरुवातीला टर्बाइनला कुणीतरी गती द्यावी लागते, पंप चालवावे लागतात, आणि या सगळ्याला बाहेरून वीज लागते. सगळीकडंच अंधार असेल तर ती आणायची कुठून? हा प्रश्न तसाच ठेवून आपण घाट चढू.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हा पाऊस अडवायचा आणि कड्यावरून खाली सोडून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हे स्वप्न जमशेटजी टाटांचं. ते 1904 मध्ये गेले. कंपनी 1910 मध्ये उभी राहिली, 1911 मध्ये वलवणला पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज 100 किलोव्होल्ट दाबाच्या तारांवरून परळला पोचली. त्या काळात हे फार मोठं धाडस होतं.

लोणावळा, वलवण आणि शिरवता (आपण ज्याला शिरोताही म्हणतो) या तळ्यांचं पाणी खोपोलीला जातं. आंदर मावळातल्या ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीला उतरतं, तिथं 1922 मध्ये वीज सुरू झाली. मुळशीचं पाणी रायगडातल्या भिऱ्याला जातं, ते 1927 पासून. आज खोपोली 72, भिवपुरी 75 आणि भिरा 300, असे एकूण 447 मेगावॅट होतात. पावसाळ्यात गर्दी होते ते भुशी धरण यातलं नाही. ते रेल्वेनं वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं होतं.

मुळशीचं नाव घेतलं की तिथल्या बुडालेल्या गावांचंही नाव घ्यायला हवं. 1921 ते 1924 या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईत दिवे लागले ते कुणाच्या भातखाचरांवर पाणी फिरवून, हे मावळ आणि मुळशी विसरलेले नाहीत.

पाण्याचा प्रवास असा होतो. तळ्यातून ते आधी जवळजवळ सपाट बांधीव पाटानं कड्याच्या टोकापर्यंत येतं. हीच आपली खंडाळ्याची डक्ट लाइन. कड्याजवळ एक छोटा हौद असतो. वरचं पाणी इथं थांबून, गाळ आणि काडीकचरा मागं टाकून पुढं जातं. तिथून जाड पोलादी नळ सुमारे पाचशे मीटर खाली झेपावतात. खोपोलीत डोंगर उतरताना दिसणारे नळ ते हेच.

नळाच्या तळाशी पाण्याचा दाब प्रचंड असतो. ते एका अरुंद तोंडातून झोतासारखं सुटतं आणि चाकावर बसवलेल्या वाट्यांवर आदळतं. जोड-वाट्या म्हणू आपण, कारण प्रत्येक वाटीच्या मध्ये धार असते आणि ती झोत दोन्हीकडं वाटून देते. या चाकाला पेल्टन चाक म्हणतात. पाणी खूप उंचीवरून आणि बेताचं येत असेल तिथं हेच वापरतात.

उंचीची किंमत किती, ते आपल्या गच्चीवर पाहू. दहा मीटर उंचीवर हजार लिटरची टाकी आहे. ती पूर्ण खाली सोडून, गळती वगळून वीज केली तर 9 वॅटचा एक एलईडी दिवा अडीच-तीन तास चालेल, बस. तीच टाकी पाचशे मीटरवर नेली तर नुकसान वजा जाता सुमारे 1.2 युनिट मिळतात आणि तोच दिवा पाच दिवसांहून जास्त अखंड जळतो. पाणी तेवढंच, फरक सगळा कड्याचा. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे 12 युनिट. खोपोली पूर्ण क्षमतेनं चालवायची तर मिनिटाला असे शंभर टँकर खाली सोडावे लागतात.

घरी इन्व्हर्टर असेल तर आणखी एक हिशेब करून पाहा. 150 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट. वलवणच्या दीड हजार लिटर पाण्यात तेवढीच वीज आहे. तळ्याकडं पाहताना मला नेहमी हा हिशेब आठवतो. पाऊस जूनमध्ये पडला, त्याची वीज मे महिन्याच्या संध्याकाळी वापरली: साठवण ती हीच, शंभर वर्षांहून जुनी.

खोपोलीत बिघडू शकतं ते पाणी थांबवताना. नळातली शेकडो टन पाण्याची धावती रांग एकदम अडवली तर ती नळावर घण मारल्यासारखी आदळते. घरात नळ झटकन बंद केला की भिंतीत ‘ठक’ वाजतं, तेच इथं पोलाद फाडू शकतं. म्हणून भार अचानक सुटला तर झोत बंद करत नाहीत. झोतासमोर एक पाळं आणून तो चाकावरून बाजूला वळवतात आणि मग तोंड सावकाश मिटतात.

दुसरा धोका खालच्या नदीकाठी. वीज करून सुटलेलं पाणी नदीत जातं, आणि यंत्र सुरू झालं की आकाश निरभ्र असतानाही पात्रातली पातळी वाढते. कोलाडचं राफ्टिंग भिऱ्याहून येणाऱ्या अशाच पाण्यावर चालतं. अशा नदीच्या कोरड्या दगडांवर पोरांना खेळायला सोडू नये; वर ढग नाहीत म्हणजे पाणी येणार नाही, असं तिथं धरता येत नाही.

आणि एक जुना गैरसमज. वीज काढून घेतली की पाण्यातलं सत्त्व जातं, असं अजूनही ऐकू येतं. तसं काही होत नाही. पाण्याची फक्त उंची खर्च होते, पिकाला ते पूर्वीइतकंच चांगलं. खरा वाद वेगळा आहे. भीमेच्या खोऱ्यात पडलेलं पाणी पश्चिमेला वळतं ते वळतंच, पूर्वेकडच्या शेताला परत मिळत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं या वळवण्यावर मर्यादा घातली आहे, वर्षाला सरासरी 42 टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दुष्काळाच्या वर्षी हे पाणी पूर्वेला सोडा अशी मागणी उठते, आणि तिच्यात तथ्य आहे असं मला वाटतं. दोन्ही बाजूंचा हिशेब उघडपणे मांडला जायला हवा.

आता संध्याकाळचे सात. दिवसभर सौर पॅनेलांनी भरपूर वीज दिली. सूर्य मावळला, ती शून्यावर आली. त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, एसी सुरू झाले. मुंबईची कमाल मागणी आता चार हजार मेगावॅटच्या वर जाते. उतरती निर्मिती आणि चढती मागणी यांच्यामधली फट काही मिनिटांत भरावी लागते. कोळशाच्या संचाला ते झेपत नाही, वायू टर्बाइनला झेपतं पण वायू महाग आणि अपुरा. तळ्याचं पाणी मात्र झडप उघडली की काही मिनिटांत पूर्ण भार उचलतं.

मघाशी ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. जलविद्युत यंत्र सुरू करायला बाहेरची वीज फारशी लागत नाही. झडप उघडण्यापुरता तेलाचा दाब आणि नियंत्रणासाठी बॅटऱ्या असल्या की पाणी आपल्या वजनानंच चाक फिरवतं. त्या विजेवर मग किनाऱ्यावरचं औष्णिक केंद्र उठवता येतं. याला अंधारातून सुरुवात म्हणू या. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा पुरवठा कोलमडला, लोकल रुळांवर थांबल्या. तो पुन्हा उभा करताना टाटांची जलविद्युत केंद्रं आणि ट्रॉम्बेचे संच यांच्यावर मोठी भिस्त होती.

पण तळं पावसानं वर्षातून एकदाच भरतं. रोज भरता आलं तर? भिऱ्याला तेच करतात. तिथं 150 मेगावॅटचं एक यंत्र असं आहे की ते सुलट फिरलं की टर्बाइन, उलट फिरलं की पंप. जाळ्यात वीज जास्त असेल तेव्हा ती वापरून खालचं पाणी पुन्हा मुळशीच्या तळ्यात चढवायचं, आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली आणायचं. याला उदंचन म्हणतात, साध्या बोलीत पाणी वर खेचून ठेवणं. आपल्या राज्यात घाटघरलाही असं 250 मेगावॅटचं केंद्र आहे.

खोपोलीचं पेल्टन चाक हे करू शकत नाही. ते हवेत फिरतं, पाणी त्याच्यावर येऊन आदळतं. त्याला उलटं फिरवून पाणी वर ढकलता येत नाही. त्यासाठी पाण्यात पूर्ण बुडालेलं यंत्र लागतं, आणि तेही खालच्या तळ्याच्या पातळीच्या बरंच खाली बसवावं लागतं, नाहीतर पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि पाती कुरतडली जातात. म्हणून जुन्या केंद्रात नुसता पंप बसवून काम भागत नाही.

इथं हिशेबात घोटाळा होतो तो असा: उदंचन वीज तयार करतं, असं लोकांना वाटतं. ते वीज खातं. हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर न्यायला दीड युनिटाहून थोडी जास्त वीज लागते आणि परत मिळतात 1.2. फायदा आहे तो वेळेचा. दुपारी नको असलेली वीज संध्याकाळी हवी असलेल्या जागी नेली, आणि त्या वाहतुकीचं भाडं म्हणून चौथा-पाचवा हिस्सा दिला.

हेच काम आता लिथियम बॅटऱ्याही करतात, आणि जुन्या वायूकेंद्रांच्या आवारात त्या बसवण्याकडं जगभर कल आहे. जागा तयार असते, जाळ्याला जोडणाऱ्या तारा तयार असतात. बॅटरी सेकंदाच्या आत प्रतिसाद देते आणि परत देताना गळती कमी होते. पण ती बहुधा दोन-चार तासच पुरते, आणि काही वर्षांनी तिची ताकद उतरते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉस लँडिंगला वायूकेंद्राच्या आवारात अशाच बॅटऱ्या बसवल्या होत्या. तिथल्या वायूकेंद्राच्या जुन्या टर्बाइनच्या इमारतीत 300 मेगावॅटच्या, चार तास पुरणाऱ्या बॅटऱ्या रचल्या होत्या. 16 जानेवारी 2025 ला तिथं आग लागली आणि हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. लिथियमचा एक घट जास्त तापला की स्वतःची उष्णता स्वतःच वाढवतो आणि शेजाऱ्याला पेटवतो. एका छपराखाली दाटीनं रचलेल्या बॅटऱ्यांत ही साखळी तोडणं फार अवघड जातं. म्हणून आता त्या उघड्यावर, वेगवेगळ्या पेट्यांत, मध्ये अंतर ठेवून बसवतात. आपल्याकडं कुठं असं केंद्र होणार असेल तर आराखड्यात हे अंतर आधी पाहावं.

आता पुन्हा मावळात. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात दोन उदंचन प्रकल्पांचा करार झाला: शिरवत्याला 1800 मेगावॅट, भिवपुरीला 1000. अंदाजे खर्च 13,000 कोटी रुपये. शिरवत्याचा आकडा आजच्या खोपोलीच्या पंचवीसपट आहे.

आपला टँकरचा हिशेब इथं लावून पाहा. उंची पाचशे मीटरच्या आसपास धरली तर 1800 मेगावॅटला तासाला दीड लाख टँकर, म्हणजे पंधरा लाख घनमीटर पाणी खाली यायला हवं, आणि सहा तास चालवायचं तर नव्वद लाख. हे पाणी नदीत वाहून गेलं तर परत खेचणार कुठून? ते खाली अडवून ठेवायला तेवढाच मोठा हौद लागणार. म्हणजे वरचं तळं शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी खालच्या तळ्याला जागा लागते, बोगद्यांना डोंगर लागतो, आणि पहिल्या भरण्याला पाणी लागतं, तेही त्याच ठरलेल्या वाट्यातून.

अशा प्रकल्पाची जनसुनावणी, म्हणजे गावकऱ्यांसमोर सरकारी अधिकारी घेतात ती सभा, लागते तेव्हा आपण जावं आणि हेच विचारावं. खालचा हौद किती हेक्टरचा, कुणाच्या सातबाऱ्यावर? पहिलं भरणं कुठल्या वर्षीच्या पावसातून? बोगद्याचे सुरुंग आमच्या विहिरींपासून किती मीटरवर? वर पाणी चढवायला दुपारची सौर वीजच वापरणार की रात्रीची कोळशाचीही? आणि पावसानं ओढ दिली तर शिरवत्याचं पाणी आधी यंत्राला, की खालच्या गावांच्या नळाला?